नियमातला ‘जर’ आणि पोकळ प्रकाशतंतू

प्रकाशतंतूचा गाभा कशाचा असतो, असे विचारले तर विज्ञानाचा कोणताही विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ‘काचेचा’ असे उत्तर देईल. का, असे विचारले तर तो पुढे सांगेल की गाभ्याचा अपवर्तनांक आवरणाच्या अपवर्तनांकापेक्षा जास्त असावा लागतो. तसे असले तरच पूर्ण आंतरिक परावर्तन घडते आणि प्रकाश तंतूच्या बाहेर न पडता पुढे पुढे जातो. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील, आणि ते मिळायलाच हवेत.

आता दुसरा प्रश्न विचारू. गाभा पोकळ ठेवला, म्हणजे मधोमध नुसती हवा आणि भोवती काच असा तंतू केला, तर त्यातून प्रकाश नेता येईल काय? बहुतेक विद्यार्थी ‘नाही’ म्हणतील. हवेचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी. तेव्हा पूर्ण आंतरिक परावर्तन अशक्य. म्हणून असा तंतू अशक्य. या युक्तिवादात पहिली दोन पावले पक्की आहेत. तिसरे पाऊल मात्र घसरले आहे. असे तंतू आज प्रत्यक्षात तयार होतात, आणि एका कामासाठी तर काचेच्या भरीव तंतूपेक्षा तेच अधिक उपयोगी पडतात. ते काम म्हणजे लेसरचे अतिशय अल्पकालीन स्पंद एका जागेहून दुसऱ्या जागी सुखरूप पोहोचवणे.

हे तंतू चालतात कसे, ते या लेखात पाहू. त्याबरोबरच एक मतही मांडायचे आहे. आपण वर्गात नियम शिकवतो आणि शिकतो. पण नियमाच्या सुरुवातीला असलेला ‘जर’ हा शब्द पुष्कळदा गाळून टाकतो. पोकळ तंतूची कथा ही त्या गाळलेल्या ‘जर’ची कथा आहे.

स्पंद केवढा असतो?

एका सेकंदाचे एक हजार दशलक्ष भाग केले, आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लक्ष भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. एका सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या घालू शकणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात केवळ ०.३ मायक्रोमीटर पुढे सरकतो. म्हणजे १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद हवेतून जात असताना त्याची लांबी अवघी ३० मायक्रोमीटर, आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असते. टॉर्चचा झोत आपल्याला लांबलचक दांड्यासारखा दिसतो. हा स्पंद त्याउलट पातळ पापडासारखा असतो, आणि तो पापड प्रकाशाच्या वेगाने धावत असतो.

या पापडात ऊर्जा फार नसते. समजा, ती ५० मायक्रोजूल आहे. दोन मिलिग्रॅम वजनाचा डास अडीच मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढीच ही ऊर्जा. परंतु ती १०० फेम्टोसेकंदांत दिली जाते. आता शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले काळ, हे सूत्र वापरा. उत्तर येते ५०० मेगावॅट! आमच्या बुलडाणा जिल्ह्याच्या शेजारी, अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्यातील २५० मेगावॅटच्या दोन संचांची मिळून क्षमता तेवढीच आहे. फरक इतकाच की पारसचे केंद्र तासन् तास वीज देते, आणि हा स्पंद डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी संपून गेलेला असतो.

अशा स्पंदाचा उपयोग काय? पदार्थावर तो पडला की तेथील अणूंना उष्णता आजूबाजूस पसरवण्याइतकी सवडच मिळत नाही. भोवतालचा भाग फारसा तापत नाही आणि नेमका हवा तेवढाच कण निघून जातो. डोळ्याच्या पारपटलाचा पापुद्रा कापण्यासाठी असे लेसर गेली दोन दशके वापरात आहेत. काच, हिरा किंवा पातळ धातू यांवर बारीक काम करण्यासाठीही ते वापरतात. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि त्यांचे सहकारी अशाच अतिलघू व अतितीव्र स्पंदांचा मारा पदार्थांवर करून, निमिषार्धात तयार होणाऱ्या अत्युष्ण प्लाझ्माचा अभ्यास करत आले आहेत. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथेही लेसरवर मोठे काम चालते.

काच स्पंदाचे काय करते?

लेसरचे यंत्र एका जागी असते आणि काम दुसऱ्या जागी. मध्ये आरशांची रांग लावून झोत नेता येतो, पण एक आरसा किंचित हलला तरी सारे बिघडते. लवचीक तंतूतून स्पंद नेता आला तर किती सोय! मग आपला नेहमीचा काचतंतू का वापरू नये? त्याला दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अपस्करणाची. टाळी वाजवली तर तिच्यात तंबोऱ्यासारखा एकच स्वर नसतो. अनेक स्वर एकदम मिसळलेले असतात. आवाज जितका क्षणिक, तितके त्यात स्वर अधिक. प्रकाशाचेही तसेच आहे. स्पंद जितका तोकडा, तितके त्यात रंग अधिक. आणि काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा असतो. तांबडा पुढे, निळा मागे. लोलकातून इंद्रधनुष्य पडते ते याच गुणधर्मामुळे.

शेगावहून पंढरपूरला आषाढीसाठी पायी जाणारी पालखी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वारकरी टाळांच्या ठेक्यावर चालतात म्हणून दिंडी एकत्र राहते. प्रत्येकजण आपापल्या चालीने निघाला, तर संध्याकाळपर्यंत तीच दिंडी कोसभर लांबेल. काचेत स्पंदाची अशीच लांबलेली दिंडी होते. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद केवळ एक मीटर काचेतून नेला, तर गणिताने तो सुमारे १००० फेम्टोसेकंदांचा होतो. लांबी दहापट, म्हणून सर्वोच्च शक्ती दहाव्या हिश्श्यावर. १० फेम्टोसेकंदांचा स्पंद तर जवळजवळ हजारपट लांबतो! म्हणजे जितका नाजूक स्पंद, तितकी त्याची दैना अधिक.

दुसरी अडचण अधिक घातक आहे. काचेचा अपवर्तनांक ठरलेला असतो असे आपण मानतो. तो तसा असतो, पण प्रकाश बेताचा असेल तरच. प्रकाश अतितीव्र झाला की त्याच्या जोराने काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. झोताच्या मध्यभागी तीव्रता जास्त, म्हणून तेथे वाढही जास्त. मधोमध अपवर्तनांक अधिक आणि कडेला कमी, म्हणजे ती काच बहिर्वक्र भिंगासारखी वागू लागते आणि झोताला आणखी एकवटते. एकवटलेला झोत अपवर्तनांक आणखी वाढवतो. हे चक्र अखेर काचेच्या नाशापर्यंत जाऊ शकते. शुद्ध सिलिका काचेत हे घडण्याची मर्यादा सुमारे चार मेगावॅट आहे. आपला स्पंद ५०० मेगावॅटचा! आणि गंमत अशी की ही मर्यादा एकूण शक्तीवर ठरते. गाभा जाड केला म्हणून ती वाढत नाही.

हवेत ही मर्यादा काचेच्या सुमारे हजारपट आहे, आणि हवेतले अपस्करणही काचेच्या मानाने नगण्यच. जागा निर्वात केली तर दोन्ही अडचणी मुळातच संपतात. प्रकाशाला त्रास न देता न्यायचे असेल तर रिकामी जागा बरी, हे भौतिकीतज्ज्ञांना चांगलेच ठाऊक आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पात लेसरचे किरण चार चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांतून नेण्याची योजना आहे. पण त्या नळ्या सरळ आणि ताठ. आपल्याला हवी आहे ती वळवता येणारी, केसासारखी बारीक नळी. तिच्या पोकळीत प्रकाश टिकवायचा कसा?

पोकळीला कुंपण कशाचे?

येथे एक साधा प्रयोग करून पहा. टेबलावर काचेचा तुकडा ठेवा आणि त्यावर सरळ वरून पहा. काच पारदर्शक दिसते. परावर्तन अगदी थोडे, शेकडा चार टक्क्यांच्या आसपास, एका पृष्ठभागावरून होते. आता डोळा टेबलाच्या पातळीपर्यंत खाली आणा आणि काचेकडे अगदी तिरपे पहा. तीच काच आरशासारखी चकाकते आणि पलीकडची खिडकी तिच्यात स्पष्ट दिसते. प्रकाश हवेतून काचेकडे, म्हणजे विरल माध्यमातून घन माध्यमाकडे चालला आहे. पूर्ण आंतरिक परावर्तनाचा येथे संबंधही नाही. तरीही पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग परत फिरतो.

याचाच उपयोग करून १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मार्काटिली आणि श्मेल्ट्झर यांनी काचेच्या पोकळ नळीतून प्रकाश नेण्याचे गणित मांडले. पोकळी दुप्पट रुंद केली की प्रकाशाची गळती आठपटीने कमी होते, असे त्यात दिसून आले. मात्र नळी वाकवली की गळती फार वाढते. त्यामुळे दळणवळणाच्या दृष्टीने ही कल्पना मागे पडली. पण अतिलघू स्पंदांवर काम करणाऱ्यांनी ती उचलली. १९९६ मध्ये इटलीतील निसोली, दे सिल्व्हेस्त्री आणि स्व्हेल्तो यांनी अशाच ताठ पोकळ तंतूत वायू भरून त्यातून तीव्र स्पंद पाठवला. वायूमुळे स्पंदात नवे रंग निर्माण झाले आणि पुढे त्या रंगांना एकत्र आणून स्पंद आणखी तोकडा करता आला. फेम्टोसेकंदाच्याही हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे ॲटोसेकंदापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर या युक्तीचा मोठा हातभार लागला. त्या क्षेत्रातील कार्याबद्दल २०२३ चे नोबेल पारितोषिक आगोस्तिनी, क्राउझ आणि लुइलिए या तिघांना मिळाले.

तरी वाकवता येणारा तंतू मिळायचाच होता. त्याचे उत्तर साबणाच्या फुग्यात आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. साबणाच्या पातळ पडद्याला दोन पृष्ठभाग असतात. दोन्हींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांना भेटतात. पडद्याची जाडी नेमकी असेल तर एखाद्या रंगाचे तरंग एकमेकांना साथ देतात आणि तो रंग झळकतो; जाडी बदलली तर तेच तरंग एकमेकांना मारतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यात सांडलेल्या तेलाचे रंग याच कारणाने दिसतात.

आता पोकळीभोवती साबणाऐवजी काचेचे असेच पातळ पडदे उभे केले तर? त्यांची जाडी अशी निवडायची की आपल्या तरंगलांबीच्या प्रकाशासाठी दोन्ही पृष्ठभागांची परावर्तने एकमेकांना साथ देतील. मग प्रकाश पडद्यात शिरून निसटत नाही; पोकळीतच परत ढकलला जातो. ब्रिटनमधील फिलिप रसेल यांना १९९१ मध्ये अशाच प्रकारची एक कल्पना सुचली: तंतूच्या काचेत लांबीभर बारीक छिद्रांची जाळी ठेवायची आणि त्या जाळीलाच कुंपण बनवायचे. १९९९ मध्ये बाथ विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकळ गाभ्यातून प्रकाश नेऊन दाखवला. पुढे रचना आणखी सोपी झाली. आजच्या अनेक तंतूंत मधली पोकळी आणि तिच्या कडेने गोलाकार उभ्या असलेल्या, एकमेकींना न टेकणाऱ्या अतिपातळ काचनळ्या एवढेच असते. नळीच्या भिंतीची जाडी एखाद्या मायक्रोमीटरच्या आतबाहेर. हातभर लांबीच्या जाड नळ्यांची जुडी बांधून ती भट्टीत मऊ करतात आणि पाकाची तार ओढावी तशी ओढतात. आतील वायूचा दाब सांभाळला की आकृती न मोडता लहान लहान होत जाते.

अशा तंतूत प्रकाशाच्या दहा हजार भागांतला एखादा भागच काचेत असतो. बाकी सारा पोकळीतून धावतो. म्हणून तो फारसा लांबत नाही आणि काचही फोडत नाही. भरीव काचतंतूतला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. पोकळ तंतूतला जवळजवळ तीन लक्ष. तो टिकतोही दूरवर. चांगल्या भरीव तंतूत प्रकाश निम्मा व्हायला १५ ते २० किलोमीटर लागतात, म्हणजे ढोबळमानाने खामगाव ते शेगाव एवढे अंतर. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोकळ तंतूत तेच अंतर ३३ किलोमीटरच्या आसपास येते. अनेक दशके सर्वोत्तम मानल्या गेलेल्या काचेला पोकळीने मागे टाकले.

मग आपला नियम खोटा ठरला काय?

मुळीच नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनासाठी गाभ्याचा अपवर्तनांक जास्तच हवा, हे काल खरे होते, आज आहे आणि उद्याही राहील. चूक आहे ती ‘प्रकाश नेण्यासाठी गाभ्याचा अपवर्तनांक जास्तच हवा’ या वाक्यात. ‘जर पूर्ण आंतरिक परावर्तन वापरायचे असेल’ हा पहिला तुकडा त्यातून गळून पडला आहे. नियम म्हणजे शेताचा बांध. बांधाच्या आत काय आहे ते तो सांगतो. बांधापलीकडे जमीनच नाही असे तो म्हणत नाही.

काही वर्षांपूर्वी एका परीक्षेत ‘प्रकाशतंतूचा गाभा कशाचा असतो?’ या प्रश्नाला एका विद्यार्थिनीने ‘काचेचा, पण काही तंतूंत पोकळ’ असे उत्तर लिहिले होते. तिने ते कुठेतरी वाचले होते. नमुना उत्तरात ‘काच’ एवढेच होते, म्हणून तिला शून्य मिळाले. तपासणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे गठ्ठा होता आणि हातात नमुना उत्तर. पण त्या मुलीने त्यातून काय घेतले असेल? अधिक वाचणे हे गुण गमावण्याचे साधन आहे, हेच ना? ही किंमत मला एका गुणाहून फार मोठी वाटते.

काही शिक्षकमित्र म्हणतील, अभ्यासक्रम आधीच लांबलचक. त्यात असे अपवाद सांगितले तर सामान्य विद्यार्थी गोंधळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. दहावीच्या वर्गात रसेल यांचा तंतू शिकवावा असे माझेही मत नाही. आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेट योजनेतून आलेला तंतू भरीव काचेचाच आहे आणि तो विद्यार्थ्याला आधी नीट समजला पाहिजे. माझे मागणे याहून पुष्कळ लहान आहे. फळ्यावर नियम लिहिताना ‘जर’ लिहावा, आणि नियम संपल्यावर एक प्रश्न विचारावा: ही अट पाळली नाही तर काय होईल? या एका प्रश्नाला दोन मिनिटे पुरतात. तो विचारला की अपवाद गोंधळ घालत नाहीत. ते अटीपलीकडचे शेजारी म्हणून ओळखू येतात.

असा प्रश्न विचारण्याचे फळ आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळते. लोणारचे विवर बेसाल्ट खडकात आहे. बेसाल्ट म्हणजे लाव्हारस थिजून झालेला खडक. तेव्हा विवर ज्वालामुखीचे, हा तर्क साहजिक होता आणि पुष्कळ काळ तो मांडला गेला. पण ‘खडक ज्वालामुखीचा’ म्हणजे ‘खड्डाही ज्वालामुखीचा’ असे होत नाही. प्रचंड आघाताच्या खुणा तेथील खडकांत आणि काचकणांत सापडल्या, आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अशनीच्या आघाताचे विवर असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. खडकाविषयीचा नियम खोटा ठरला नाही. त्याच्या अटीपलीकडे कोणीतरी पाहिले, एवढेच.

लेसरच्या इतिहासातही असेच एक उदाहरण आहे. काच स्पंदाला लांबवते, हा आपण वर दोष म्हणून सांगितला. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मूरू यांनी स्पंद मुद्दामच १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून नेऊन लांबवला. लांबल्यामुळे त्याची सर्वोच्च शक्ती उतरली, म्हणून वर्धकाची काच न फोडता त्याला ऊर्जा देता आली. मग तो पुन्हा आकसून घेतला. या युक्तीबद्दल २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता, आणि आजचे बहुतेक अतितीव्र लेसर तिच्यावरच उभे आहेत. तोच गुणधर्म एका अटीत दोष असतो आणि दुसऱ्या अटीत गुण.

विद्यार्थीमित्रहो, फेम्टोसेकंद लेसर तुमच्या शाळेत येण्याची शक्यता नाही. पण या लेखातील भौतिकीला लागणारे सामान तुमच्या घरी आहे: काचेचा एक तुकडा, साबणाचे पाणी आणि तिरपे पाहणारा डोळा. तारेच्या कडीवर साबणाचा पडदा धरा आणि तो निथळून पातळ होत असताना रंग कोणत्या क्रमाने बदलतात ते वहीत नोंदवा. फुटण्याच्या बेतात आलेल्या पडद्याचा वरचा भाग काळा का दिसतो, याचे उत्तर स्वतः शोधून पहा. आणि पुढच्या आठवड्यात फळ्यावर एखादा नवा नियम आला, तर तो उतरवून घ्या, पाठही करा, आणि मग हात वर करून गुरुजींना विचारा: यात ‘जर’ कोठे आहे?